टी-शर्ट न काढणाऱ्या मुलाला

प्रिय मित्रा,

काल रात्री उशिरा आलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. पोहायला न येण्याची कारणं, आधी सर्दी, मग कानदुखी, मग क्लासची वेळ, असं तीन आठवडे चाललं आणि शेवटी एका ओळीत तू खरं काय ते लिहिलंस: छाती वाढलीय, म्हणून टी-शर्ट काढायची लाज वाटते. ती ओळ किती वेळा लिहून खोडली असशील याचा मला अंदाज आहे. पोहायला शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि "सर, टी-शर्ट घालून उतरलं तर चालेल का?" असं विचारणारा एखादा मुलगा जवळजवळ प्रत्येक तुकडीत असतो. खांदे पुढे ओढलेले, टॉवेल गळ्यातून दोन्ही बाजूंनी छातीवर सोडलेला, आणि पाण्यातून वर येताना ओलं कापड अंगाला चिकटू नये म्हणून टी-शर्ट चिमटीत धरून पुढे ओढलेला. तुझं हे सगळं मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं. तू आपणहून बोलशील म्हणून थांबलो. ते माझं चुकलं.

माझं लक्ष तिकडे जातं, कारण चौदाव्या वर्षापासून बाविसाव्यापर्यंत मीही असाच वावरलो. शर्टाच्या आत दोन बनियन आणि त्यांच्याही आत करकचून गुंडाळलेलं क्रेप बँडेज. संध्याकाळी ते सोडलं की छातीवर त्याच्या विणीचे वळ उठलेले असायचे. व्यायामाने जाईल असं कुणीतरी म्हणालं म्हणून रोज शंभर जोर काढले. छातीचे स्नायू भरले आणि त्यांच्यावर जे होतं ते आणखीच पुढे आलं. मग जेवण तोडलं. गाल बसले, बरगड्या दिसायला लागल्या, छाती होती तशीच. या आठ वर्षांत एकाही डॉक्टरला शर्ट काढून दाखवलं नाही. शेवटी दाखवलं तेव्हा निदानाला पाच मिनिटं लागली.

त्या पाच मिनिटांत काय झालं ते सांगतो, म्हणजे तुला धास्ती राहणार नाही. डॉक्टरांनी मला पाठीवर झोपवलं आणि दोन्ही हात डोक्याखाली घ्यायला लावले. अंगठा आणि तर्जनी छातीच्या दोन बाजूंना ठेवून ती हळूहळू स्तनाग्राकडे सरकवली. मध्यावर येता येता बोटं अडली. त्यांनी माझीच बोटं तिथे नेली आणि विचारलं, "लागतंय हाताला?" लागत होतं. स्तनाग्राच्या बरोबर खाली, रबराच्या जाड चकतीसारखं, कडा हाताला कळणारी. "ही ग्रंथी आहे," ते म्हणाले. "चरबी असती तर बोटं अशी अडली नसती." मी आठ वर्षं जोर आणि उपास करून जिच्याशी भांडत होतो, ती चरबी नव्हतीच.

हा फरक आधी डोक्यात पक्का बसव. पुरुषाच्या छातीत स्तनग्रंथीच्या पेशी थोड्या प्रमाणात जन्मापासून असतात. त्या वाढल्या की गायनेकोमॅस्टिया झाला असं म्हणतात. नुसती चरबी साठून छाती मोठी दिसत असेल तर ते प्रकरण वेगळं, ती वजनाबरोबर उतरू शकते. वाढलेली ग्रंथी जोर काढून विरघळत नाही, मालिश करून नाही, जाहिरातीतल्या मलमानेही नाही. अनेकांच्या बाबतीत दोन्ही थोडंथोडं असतं. आरशात सगळं सारखंच दिसतं, म्हणून निदान आरशावर सोडू नकोस.

"माझ्यात काही बायकी आहे का?" असं तू लिहिलंयस. नाही. इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) प्रत्येक पुरुषाच्या शरीरात असतंच आणि त्याची गरजही असते. हाडांच्या बळकटीला ते लागतं. टेस्टोस्टेरॉन या मुख्य पुरुषी संप्रेरकाचाच काही भाग शरीर अरोमाटेज नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. वयात येताना या दोघांचं प्रमाण काही काळ मागेपुढे होतं आणि छातीतल्या पेशी त्याला लगेच प्रतिसाद देतात. निम्म्याच्या आसपास मुलांना या वयात कमीजास्त प्रमाणात हा अनुभव येतो. तुझ्या वर्गातही कुणी ना कुणी सैल शर्ट घालत असणार. नवजात मुलग्यांची छातीसुद्धा आईच्या संप्रेरकांमुळे काही आठवडे सुजलेली दिसते, आणि पन्नाशीनंतर टेस्टोस्टेरॉन उतरायला लागलं की हे पुन्हा डोकं वर काढतं. चरबीत अरोमाटेज भरपूर असतो, त्यामुळे वजन फार वाढलं तर ग्रंथीलाही खतपाणी मिळतं. पण म्हणून माझ्यासारखं उपाशी राहू नकोस. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या युद्धकैद्यांना पोटभर जेवण मिळू लागलं, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांची छाती वाढलेली डॉक्टरांना दिसली होती. उपासमारीत मंदावलेली संप्रेरकं पुन्हा सुरू होताना तोल जातो, तो असा.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येतो. आपोआप जाईल का? वयात येतानाचा गायनेकोमॅस्टिया बहुतेक मुलांमध्ये सहा महिने ते दोन वर्षांत ओसरतो, काहींना तीन वर्षं लागतात. त्यामुळे बारा-तेरा वर्षांच्या मुलाला डॉक्टर "थांबू या" म्हणतात तेव्हा ते टाळाटाळ करत नसतात. तो खरोखरचा उपचार असतो. दर काही महिन्यांनी तपासायचं, टेपने मोजायचं, नोंद ठेवायची. तू मात्र सोळा वर्षांचा आहेस आणि तुझ्याच म्हणण्याप्रमाणे दोन वर्षं उलटून गेली आहेत. या दोन वर्षांत कुणी तपासलं नाही, कुणी मोजलं नाही. याला वाट पाहणं म्हणत नाहीत बाळा, याला लपवणं म्हणतात, आणि त्यात वेळ वाया जातो. नव्याने वाढलेली ग्रंथी मऊ असते, दाबलं की दुखते. त्या काळात औषधाचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते. साधारण वर्षभरानंतर तिच्यात तंतू धरायला लागतात, ती घट्ट होते, आणि मग गोळ्यांनी फारसं काही होत नाही. मी बाविसाव्या वर्षी गेलो तेव्हा "गोळ्यांची वेळ गेली" हे वाक्य ऐकलं होतं. ते तुलाही ऐकावं लागेल असं मी म्हणत नाही. तुझी ग्रंथी कोणत्या टप्प्यावर आहे ते डॉक्टरांचा हातच सांगेल. पण आणखी सहा महिने घालवू नकोस.

डॉक्टर बरंच विचारतील, तू काहीही झाकू नकोस. काय काय खातोस-पितोस, कोणती औषधं चालू आहेत, हे सगळं सांग. पोट साफ करायच्या गोळीपासून मुरुमांच्या औषधापर्यंत प्रत्येकाची स्ट्रिप घेऊन जा. रक्तदाबावरचं स्पायरोनोलॅक्टोन, बुरशीच्या संसर्गावरच्या केटोकोनॅझोलच्या गोळ्या, केस गळू नयेत म्हणून घेतलं जाणारं फिनॅस्टेराइड, मनाच्या आजारांवरचं रिस्पेरिडोन, अशा बऱ्याच औषधांनी छाती वाढू शकते. मात्र चालू असलेलं औषध स्वतःच्या मनाने बंद करू नकोस, ते ज्यांनी दिलं त्यांच्याशी बोलूनच ठरवायचं. आणि जिममध्ये कुणी डब्यातली पावडर किंवा इंजेक्शन दिलं असेल तर तेही सांग. स्नायू फुगवायला घेतलेल्या अनेक स्टेरॉइड्सचा काही भाग शरीरात जाऊन इस्ट्रोजेन बनतो, आणि ती सोडल्यावर शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन झोपलेलं असतं. माझ्याकडे आलेल्या दोन मुलांची छाती अशीच वाढली होती. दोघंही "फक्त प्रोटीन घेतो" म्हणायचे.

डॉक्टर वृषणंही तपासतील. हे आधीच सांगतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी उठून पळायच्या बेतात होतो. छाती दाखवायला आलेल्या मुलाची वृषणं तपासण्यामागे ठोस कारण आहे. क्वचित तिथल्या गाठीमुळे संप्रेरकं बिघडतात आणि पहिली खूण छातीवर दिसते. वृषणं वयाच्या मानाने फार लहान असतील तर क्लाइनफेल्टर सिंड्रोमचा विचार करतात. त्यात जन्मापासून एक एक्स गुणसूत्र जास्तीचं असतं. साधारण सहाशे मुलग्यांत एकाला ते असतं आणि अनेकांना मोठेपणापर्यंत पत्ताही नसतो. थायरॉइड, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या आजारांतही छाती वाढते. म्हणून गरज वाटली तर रक्त तपासतात (टेस्टोस्टेरॉनसाठी सकाळीच बोलावतात, कारण तेव्हा ते जास्त असतं) आणि कधी सोनोग्राफी करतात. बहुतेकांचे रिपोर्ट नॉर्मल येतात. तपासताना आईबाबांपैकी कुणी खोलीत हवं असेल तर तसं सांग. नको असेल तर तेही सांगायचा तुला हक्क आहे.

काही लक्षणांना मात्र अजिबात वेळ द्यायचा नसतो. दगडासारखी कडक गाठ, स्तनाग्रापासून बाजूला असलेली, एकाच बाजूची आणि भराभर वाढणारी. स्तनाग्र आत ओढलं जाणं, त्यातून रक्त किंवा पाणी येणं, वरची कातडी आक्रसणं, काखेत गाठ. पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो. तो फार दुर्मीळ आहे, स्तनाच्या एकूण कर्करोगांत सुमारे एक टक्का किंवा त्याहून कमी, आणि तुझ्या वयात तर जवळपास नसतोच. तरी यातलं काही आढळलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. दोन्ही बाजू कमीजास्त असणं किंवा नुसतं दुखणं यात घाबरण्यासारखं काही नाही.

उपचार कारणावर ठरतो. औषधामुळे झालं असेल तर औषध बदलतात, आजार असेल तर आधी तो बरा करतात. ग्रंथी ताजी असेल, दुखत असेल, तर काही डॉक्टर टॅमॉक्सिफेन काही महिने देऊन पाहतात. स्त्रियांच्या कर्करोगावरचं औषध मला कसं, असं वाटेल. ते छातीच्या पेशींवरचा इस्ट्रोजेनचा परिणाम अडवतं म्हणून देतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं, कुणाच्या सांगण्यावरून दुकानातून आणून नाही.

ऑपरेशनबद्दल तू शेवटी कंसात विचारलंयस, पण मला वाटतं तुझं सगळं लक्ष तिथेच आहे. ऑपरेशन नवीन नाही. सातव्या शतकात इजिनाच्या पॉल या ग्रीक वैद्याने पुरुषाची छाती कमी करण्याची शस्त्रक्रिया लिहून ठेवली आहे. आजचे बरेच सर्जन स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेवर अर्धगोल छेद घेतात. वेबस्टर या सर्जनने १९४६ साली वर्णन केलेला तो छेद; व्रण कडेत लपून जातो. त्यातून ग्रंथी काढतात आणि आजूबाजूची चरबी लायपोसक्शनने ओढून घेतात. माझंही असंच झालं. त्यानंतर काही आठवडे दिवसरात्र घट्ट बनियन घालावं लागलं, आणि गंमत बघ, तेव्हा ते लपवायला नव्हतं म्हणून एकदाही टोचलं नाही. उजव्या बाजूला आत रक्त साठून निळी सूज आली होती, ती काढावी लागली. स्तनाग्राभोवती कित्येक महिने बधिरपणा होता. या गोष्टी होतात. ग्रंथी जास्त काढली गेली तर तिथे खळगा पडतो, दोन बाजूंत थोडा फरक राहू शकतो. म्हणून सर्जनला थेट विचारायचं: अशी ऑपरेशन्स तुम्ही किती करता, ग्रंथी काढणार की फक्त चरबी, काढलेला भाग तपासायला पाठवणार ना? फक्त चरबी ओढून घेतली आणि चकती तशीच राहिली, तर फुगीरपणाही राहतो. तुझ्या वयात सर्जन बहुधा थांबायला सांगतील. वाढ पूर्ण झाल्यावर, छातीचा आकार वर्षभर तसाच राहिल्यावर ते ठरवणं शहाणपणाचं असतं, नाहीतर पुन्हा वाढायची भीती. तपासून झाल्यावर मिळालेली ही मुदत तुला मागच्या दोन वर्षांसारखी जड जाणार नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. आणि कारण शोधून झाल्यावर काहीही न करता राहायचं असेल, तर तोही पूर्ण निर्णय आहे. गायनेकोमॅस्टियाने शरीराला अपाय होत नाही. शाळेतल्या चिडवण्याने मात्र मनाला होतो. तो त्रास झोपेवर, जेवणावर, अभ्यासावर उतरला असेल तर डॉक्टरांना तेही सांग. लाजून "बाकी ठीक आहे" म्हणू नकोस.

आता घरी कसं सांगायचं. बाबांशी बोलायला जमत नाही असं तू लिहिलंयस, मग आईला सांग. बोलता येत नसेल तर हेच वाक्य कागदावर लिहून दे: "माझी छाती दोन वर्षांपासून वाढली आहे, मला डॉक्टरांना दाखवायचं आहे." बस, एवढंच. पुढचं डॉक्टर विचारतील. सुरुवात नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून कर. गरज पडली तर ते एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे (संप्रेरकांच्या डॉक्टरांकडे) किंवा सर्जनकडे पाठवतील. आई-बाबांना माझ्याशी बोलायचं असेल तर माझा नंबर दे, मी माझी गोष्ट त्यांनाही सांगेन. मला मात्र काही दाखवू नकोस, फोटोही पाठवू नकोस, मलाच काय, कुणालाच नको. तपासणं हे डॉक्टरांचं काम आहे.

आणि सोमवारपासून सकाळच्या तुकडीत ये. टी-शर्ट घालूनच उतर, कुणी काही विचारणार नाही, ते मी पाहतो. फक्त सुती आणू नकोस, पाण्यात जड होतो आणि हात मारताना खांद्याला ओढ बसते. पोहण्याचे पूर्ण बाह्यांचे अंगाबरोबरचे शर्ट मिळतात, गडद रंगाचा घे. तुझा डावा हात अजून पाण्यात तिरका पडतो, तीन आठवड्यांत तो आणखी बिघडला असणार.

तुझे,
सर