भन्तेंना घरी भोजनदानासाठी बोलावलंय. जेवायला काय करावं? मटण चालतं का?

काय करायचं ते नंतर बघू. आधी घड्याळ बघा. भन्ते, म्हणजे बौद्ध भिक्षू, सूर्य डोक्यावरून ढळला की जेवत नाहीत. तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या आण्णांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावानं पुण्य अर्पण करण्याचा, दिवस आठवला.

जुलै महिना, वर्षावास, म्हणजे भिक्षूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, नुकताच सुरू झालेला. सोलापुरात, बुधवार पेठेतल्या आमच्या घरी तीन भन्ते आले होते. आई पहाटे चारपासून भाकऱ्या थापत होती. त्रिशरण-पंचशील, परित्राण पाठ सगळं सव्वाअकराला आटोपलं. आता वाढायचं, तर दाजी म्हणाले, "साहेब निघालेत, जरा थांबू." साहेब म्हणजे वॉर्डातले पुढारी. ते आले बाराला. आण्णांना जन्मात दोनदा भेटले असतील, बोलले पंचवीस मिनिटं. वर दाजींचं आभारप्रदर्शन. ताटं मांडली तेव्हा पाऊण वाजला होता.

थोरले भन्ते काही बोलले नाहीत. पात्रावरचं झाकण काढलंच नाही, त्यावर हात ठेवला, पाणी तेवढं प्यायले. अनुमोदनाची गाथा मात्र पूर्ण म्हटली. आई समोर भाकरीची दुरडी धरून उभी, वर शेंगाचटणीची वाटी, तिला कळेना खाली ठेवू की काय करू.

दाजी आजही म्हणतात, "भूक लागली तर सांगायचं होतं." अहो, आजारी नसताना भिक्षूनं स्वतःसाठी मागायचं नसतं! दुसरा मुद्दा त्यांनी वर्षभरानं काढला. भूगोलाचे मास्तर ना! सोलापुरात सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, जुलैत साडेबाराच्या आसपास. हे खरंय, आपली घड्याळं ८२.५ रेखांशाची आणि गाव ७६ च्या अलीकडे. पण दाजी, साडेबारा धरले तरी पाऊण उशिराच की! आणि पौर्णिमेला अष्टशील, म्हणजे आठ नियमांचं व्रत, घेता तेव्हा तुम्ही बरोबर सव्वाअकराला ताटावर असता. विकालभोजनाचा, म्हणजे अवेळी न जेवण्याचा, नियम तेव्हा बरा आठवतो.

तेव्हा मीही गप्प बसले, ते माझंच चुकलं.

तर तुम्ही साडेदहाला वाढायला घ्या. पाहुणे, भाषणं, फोटो सगळं जेवणानंतर. घरात जे होतं तेच करा: आमटी, भाकरी, भात. ताट नुसतं पुढ्यात ठेवू नका, दोन्ही हातांनी भन्तेंच्या हाती द्या, दिल्याशिवाय ते घेत नाहीत. मटणाचं म्हणाल तर बुद्धांच्या संघातल्याच देवदत्तानं भिक्षूंना मांसाहार बंद करा म्हटलं होतं, बुद्धांनी नाही ऐकलं. अट अशी की आपल्यासाठी प्राणी मारला हे भिक्षूनं पाहिलेलं, ऐकलेलं नको, तसा संशयही नको. म्हणजे भन्ते येणार म्हणून कोंबडी कापायची नाही. सोने-रुपे घेणं विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांत, बसत नाही, म्हणून पाकीट हातात कोंबू नका. काय लागतं ते विहारात विचारून द्या.

हे सगळं थेरवादी, म्हणजे श्रीलंका-म्यानमारकडच्या परंपरेतल्या, भन्तेंचं. चिनी परंपरेतले असतील तर शाकाहारीच करा. आपल्याकडचेही काही मांस घेत नाहीत, एक फोन करून विचारा. आणि उशीर झालाच तर रडत बसू नका, गाळलेलं लिंबू सरबत दुपारनंतरही चालतं. आमच्या घरात त्या दिवशी लिंबं होती, सुचलं कुणालाच नाही.

दुसऱ्या वर्षी आईनं पावणेअकराला पंगत बसवली. दाजी साहेबांना घेऊन एकला आले. भाकरी गार झाली होती, तीच वाढली.