वाचकांचे प्रश्न : आंतरराष्ट्रीय रेगाटा आणि दोन हजार मीटर

आंतरराष्ट्रीय रेगाटात, म्हणजे दोन हजार मीटरच्या नौकानयन स्पर्धेत, पहिल्यांदाच उतरणाऱ्यांची पत्रं या वेळी जास्त आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं जागतिक महासंघाच्या, म्हणजे वर्ल्ड रोइंगच्या, नियमांना धरून आहेत. स्पर्धेची स्वतःची सूचनापुस्तिका वेगळं सांगत असेल तर तिचंच ऐका.

प्रश्न : मी सिंगल स्कल (एकटीची, दोन वल्ह्यांची बोट) चालवते. शर्यत सकाळी १०.३२ ला असेल तर त्याआधीचा वेळ कसा लावायचा?

घड्याळ उलटं फिरवा. नियमाप्रमाणे शर्यतीच्या किमान २ मिनिटं आधी बोट स्टार्टला लागलेली हवी, म्हणजे १०.३० ला. पण तेवढंच धरून चालणं धोक्याचं आहे. १०.२७ ला तुमची बोट धरणाऱ्याच्या हातात असावी, असा हिशेब ठेवा. पाण्यावर ४० ते ४५ मिनिटं लागतात, म्हणून पॉन्टून (बोटीत बसायचा तरंगता धक्का) ९.४५ च्या आत सोडायचं. त्याआधी जमिनीवर १५-२० मिनिटं अंग मोकळं करायचं आणि त्याच्याही आधी बोटीचे सगळे नट हाताने नव्हे, पान्याने तपासायचे. जेवण तीनेक तास आधी, रोजच्या सवयीचं, तेल आणि चोथा कमी असलेलं.

पाण्यावर पहिली १०-१२ मिनिटं मिनिटाला १८ ते २० स्ट्रोकच्या (वल्ह्याच्या फटक्यांच्या) गतीने, आधी अर्धी स्लाइड (सीट सरकते ती पट्टी), मग पूर्ण. नंतर १० ते १५ जोरदार स्ट्रोकचे तीन-चार टप्पे : २८, ३२, ३६. मग दोन किंवा तीन स्टार्ट. शेवटचा जोर शर्यतीच्या ८-१० मिनिटं आधी संपवा, त्यानंतर हलकं वल्हवत राहा.

बिघडतं ते असं. वॉर्मअपच्या भागातही वाहतुकीचा ठरलेला मार्ग असतो आणि शेजारून शर्यत जात असेल तर तुम्हाला थांबावंच लागतं. पाच-सात मिनिटं अशीच जातात. मिनिटामिनिटाचा बेत आखलेल्यांचे नेमके स्टार्ट राहून जातात. म्हणून महत्त्वाचे टप्पे पहिल्या २५ मिनिटांत उरकून घ्या. सरावाच्या पहिल्याच दिवशी मार्गाचा नकाशा पाठ करा. प्रत्यक्ष बोटीतून बघता तेव्हा तुमची पाठ पुढे असते, त्यामुळे नकाशातली डावी-उजवी बाजू डोक्यात उलटी बसते.

प्रश्न : स्टार्टला बोट वाऱ्याने तिरकी झाली, मी हात वर केला, तरी स्टार्टरने शर्यत सोडली. हे नियमात बसतं का?

बसतं. स्टार्टरने ‘टू मिनिट्स’ म्हटलं की तुम्ही त्याच्या ताब्यात. मग तो लेनच्या क्रमाने संघांची नावं घेतो, ‘अटेन्शन’ म्हणतो, लाल दिवा लागतो, आणि थोड्या, मुद्दाम कमी-जास्त ठेवलेल्या विरामानंतर हिरवा दिवा व भोंगा. सरळ असणं आणि तयार असणं, दोन्हींची जबाबदारी संघाची. नावं पुकारायला लागली की हात वर करण्याला अर्थ उरत नाही.

आडवा वारा असेल तर बोट मधोमध सरळ धरून बसू नका. नाक वाऱ्याकडे किंचित जास्त ठेवा, नावं पुकारली जात असताना ते आपोआप सरळ रेषेवर येतं. सिंगलमध्ये वाऱ्याच्या उलट बाजूच्या वल्ह्याने, फक्त हातांनी, छोटे छोटे स्ट्रोक घ्या. पेअर आणि फोरमध्ये (दोघांच्या आणि चौघांच्या, प्रत्येकी एका वल्ह्याच्या बोटींत) हे काम बो बाजूच्या, म्हणजे नाकाकडच्या, खेळाडूचं. ‘स्ट्रोक’ने, म्हणजे शेपटीकडच्या, ठेका धरणाऱ्या खेळाडूने, त्यात हात घातला की मागे बोट धरणाऱ्याच्या हातून ती सुटते.

फॉल्स स्टार्टला पिवळं कार्ड मिळतं. उशिरा पोचण्यालाही पिवळंच. एकाच शर्यतीसाठी दोन पिवळी झाली की लाल, म्हणजे बाद. उशिरा आलेल्या संघाने भोंग्यावर जुगार खेळू नये, इतकं साधं आहे.

प्रश्न : समोरून वारा असताना वल्ह्यांच्या मापात काय बदल करावा? प्रशिक्षक म्हणतात काही करू नकोस.

त्यांचं निम्मं तरी बरोबर आहे. आधी कारण बघू. समोरच्या वाऱ्यात बोट हळू पळते, त्यामुळे तेच पातं पाण्यातून ओढायला जास्त वेळ लागतो आणि प्रत्येक स्ट्रोक जड होतो. गती ३६ वरून ३३ वर उतरते, पाय हजाराव्या मीटरलाच भरून येतात. मागून वारा असेल तर उलटं : पाणी पात्याखालून पळतं आणि स्ट्रोक पोकळ लागतो. सिंगलमध्ये या दोन टोकांच्या वेळांत अर्ध्या मिनिटाहून जास्त फरक पडू शकतो. म्हणूनच दोन वेगळ्या दिवशीच्या वेळा ताडून पाहण्यात अर्थ नाही.

भार हलका करण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. एक, वल्ह्याची एकूण लांबी १ सेंमी कमी करणं. समजा स्कल (इथे वल्हं) २८८ सेंमी आहे आणि त्यातला आतला, म्हणजे मुठीपासून बटनापर्यंतचा (वल्हं अडवणाऱ्या कड्यापर्यंतचा), भाग ८८, तर आतला तसाच ठेवून एकूण २८७ करा. दुसरा, बटनाला १ सेंमीची क्लिप चढवणं. त्याने आतला भाग ८९ आणि बाहेरचा १९९ होतो. क्लिप स्टार्टच्या आधी पाण्यावरही लावता येते, म्हणून ती लोकप्रिय. पण स्कलिंगमध्ये दोन्ही वल्ह्यांना क्लिप लावली की मुठी एकमेकींवर सुमारे २ सेंमी जास्त चढतात. सरावात हे केलेलं नसेल तर बोटांची सालं निघतात आणि पकड सैल होते. शर्यतीच्या सकाळी पहिल्यांदा क्लिप लावू नका, असं तुमच्या प्रशिक्षकांना म्हणायचं असेल तर ते अगदी खरं.

लाटांसाठी उपाय वेगळा. पिनवरच्या (गेटच्या खुंटीवरच्या) वॉशर खालीवर करून गेट (वल्हं बसतं ती खाच) अर्धा ते एक सेंमी उंच करा, म्हणजे परतताना पातं लाटेवरून सुटतं. पिचला (पात्याच्या कलाला) मात्र हात लावू नका. ते नीट मोजायला शांत जागा आणि वेळ लागतो, बोट पार्कात दोन्ही नसतात. आणि कुठलाही बदल दोन्ही बाजूंना सारखा. एकीकडच्या गेटची वॉशर विसरून निघालेली बोट सगळी शर्यतभर एका अंगावर कलते आणि खेळाडू बिचारा स्वतःच्या तंत्राला दोष देत बसतो.

प्रश्न : आम्ही आपली बोट नेत नाही, तिथे भाड्याने घेणार आहोत. ताब्यात घेताना काय पाहावं?

बोट कुठल्या वजनाच्या संघासाठी बनली आहे ते पहिलं. ८५ किलोच्या खेळाडूंसाठीच्या बोटीत ६८ किलोचा संघ बसला तर ती पाण्यावर उंच तरंगते आणि वारा तिला ढकलत नेतो. मग नाकावरचा रबरी चेंडू : पांढरा, किमान ४ सेंमी व्यासाचा, घट्ट बसलेला. बुटांच्या टाचेच्या दोऱ्या दोन्ही पायांना स्वतंत्र असाव्यात, आणि एका हाताच्या एका झटक्यात दोन्ही पाय सुटायला हवेत. हे नियंत्रण पथक पॉन्टूनवर तपासू शकतं, दोरी नसेल तर तुम्हाला पाण्यावर सोडणार नाहीत.

त्यानंतर सीटची चाकं हाताने फिरवून बघा, स्लाइड किती लांब आहे ते मोजा, फिन (बुडाचा छोटा पंख) हलवून बघा, हवेच्या कप्प्यांची झाकणं लावून बघा. स्पॅन पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत स्वतः मोजायचा. आधीच्या संघाच्या आकड्यावर विसंबू नका. बुडाला ओरखडे असतील तर त्याच वेळी फोटो काढा, परत करताना वाद होत नाही.

सोबत न्यायचं : १० आणि १३ मिमीचे पाने, मोजायची टेप, पिच मीटर, एक जादा गेट, सीटचं एक चाक, टाचेची दोरी, विद्युत टेप. बूट आपले न्यायचे असतील तर फूटप्लेटच्या (बूट बसवायच्या पाटीच्या) भोकांचं अंतर आधी मागवून घ्या, ते सगळीकडे सारखं नसतं.

प्रश्न : मी कॉक्स (बोट वळवणारी, हुकूम देणारी) आहे, वजन ४९ किलो. हलकी असल्याचा फायदा मिळतो का? आणि कानात यंत्र ठेवून प्रशिक्षकाचं ऐकता येतं का?

दोन्ही नाही. कॉक्सचं किमान वजन ५५ किलो, शर्यतीच्या गणवेशात. तुम्हाला ६ किलोचं जडवजन घ्यावं लागेल, आणि ते शरीरावर किंवा बोटीचा भाग म्हणून नव्हे, तर तुमच्या जवळ वेगळं ठेवायचं. कमाल १५ किलोची मुभा आहे. वजन त्या दिवसाच्या पहिल्या शर्यतीच्या आधी दोन तास ते एक तास या वेळेत होतं. शर्यतीनंतर जडवजनाची तपासणी होऊ शकते, त्यामुळे पॉन्टूनवर उतरताच पिशवी मित्राच्या हाती देऊ नका.

शर्यत चालू असताना बाहेरून विद्युत उपकरणाने सूचना घेणं निषिद्ध आहे. बोटीतला स्वतःचा मायक्रोफोन आणि स्पीकर चालतो. त्याची बॅटरी मात्र आदल्या रात्रीच चार्ज करा. मधल्या ५०० मीटरमध्ये आवाज गेला की नाकाकडच्या चौघांपर्यंत हुकूम पोचतच नाही.

प्रश्न : शर्यतीनंतर बोटीचं वजन करतात म्हणे. त्यात काय काय धरतात?

रिगर (गेट धरणारा बाहेरचा सांगाडा), सीट, स्लाइड, फूटप्लेट आणि बूट धरतात. वल्ही, पाण्याची बाटली, स्पीकरसारखी सुटी उपकरणं धरत नाहीत. किमान आकडे : सिंगल १४ किलो, डबल (दोघांची, दोन-दोन वल्ह्यांची) आणि पेअर २७, कॉक्सशिवायचा फोर ५०, क्वाड (चौघांची, दोन-दोन वल्ह्यांची) ५२, एट (आठ जणांची) ९६. कमी भरली तर संघ त्या शर्यतीत शेवटच्या क्रमांकावर जातो. आपला काटा आणि तिथला काटा यांत फरक निघू शकतो, तेव्हा सरावाच्या दिवशी अधिकृत काट्यावर जाऊन या आणि १०० ग्रॅमच्या आत खेळू नका. वजन वाढवायचं असेल तर ते बोटीला पक्कं जखडलेलं हवं.

प्रश्न : १२०० मीटरवर वल्हं पाण्यात अडकलं आणि शर्यत गेली. हे होतंच कसं, आणि झाल्यावर काय करायचं?

याला सगळे क्रॅब म्हणतात. मूळ कारण बहुतेक वेळा एकच : पातं पाण्याबाहेर यायच्या आधीच मनगट फिरतं. आडवं झालेलं पातं खाली ओढलं जातं आणि बोटीचा वेग मूठ छातीवर आणतो. दमलेला खेळाडू स्ट्रोकच्या शेवटी मूठ खाली दाबायला विसरतो, म्हणून हे १००० ते १५०० मध्ये जास्त घडतं. लाट हे निमित्त होतं, पण नेहमीच नाही. रिओ २०१६ मध्ये सर्बियाची पुरुषांची पेअर खवळलेल्या पाण्यात उलटलीच.

मुठीशी कुस्ती करू नका. मागे झुका, मूठ डोक्यावरून जाऊ द्या, वेग उतरला की ती पुढे आणि खाली ढकला. पातं वर येतं. एटमध्ये बाकीच्यांनी हलक्या हाताने चालू ठेवायचं. वल्हं गेटमधून निघालं असेल तरच कॉक्सने थांबवावं. मग लगेच गती वाढवू नका. पाच स्ट्रोक लांब, पाच जोराचे, आणि गमावलेलं अंतर पुढच्या ५०० मीटरमध्ये विभागून भरा. एका झटक्यात भरायला गेलेले संघ १७५० ला बसतात.

खेळाडू पाण्यात फेकला गेला तरी उरलेल्या संघाने रेषा ओलांडली तर निकाल ग्राह्य असतो. कॉक्स मात्र बोटीत हवाच.

प्रश्न : लाइटवेट डबलसाठी वजन शेवटच्या दोन दिवसांत उतरवलं तर चालेल का?

पुरुषांत कुणीही ७२.५ किलोच्या वर नको आणि संघाची सरासरी ७० च्या आत. महिलांत ५९ आणि सरासरी ५७. ऑलिंपिकमध्ये हा गट पॅरिस २०२४ ला शेवटचा झाला, आकडे मात्र हेच. एक जण जास्त भरला तरी पूर्ण संघ बाद, हे जोडीदाराला आधीच सांगा.

पाणी तोडून १ किलो उतरतो हे खरं. पण वजनानंतर शर्यतीपर्यंत एक ते दोन तासच मिळतात आणि तेवढ्यात रक्तातलं पाणी पूर्ण भरून येत नाही. शर्यतीची बहुतेक शक्ती ऑक्सिजनवर चालणारी असते, त्यामुळे फटका नेमका तिथे बसतो. वजन आठ-दहा आठवडे आधीपासून हळूहळू आणा आणि शेवटच्या दिवसासाठी फार तर अर्धा किलो ठेवा. काट्यावरून उतरल्यावर मीठ आणि साखर असलेलं पेय घोट घोट घ्या. एकदम लिटरभर प्यायलात तर ते स्टार्टला पोटात डुचमळतं.

प्रश्न : हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) पूर्ण जोर लावावा की राखून ठेवावा?

आधी ड्रॉच्या कागदावरचा पुढे जाण्याचा नियम वाचा. काही स्पर्धांत पहिले दोन किंवा तीन पुढे जातात आणि उरलेल्यांना रिपेचाज (दुसऱ्या संधीची फेरी) मिळतं. काहींत वेळेवरही जागा ठरतात. वेळ मोजली जात असेल तर राखून ठेवणं महागात पडतं. शिवाय हीटचा क्रम पुढच्या फेरीची लेन ठरवतो; उपांत्य फेरीचे विजेते अंतिम फेरीत मधल्या लेनमध्ये येतात, आणि वारा एका बाजूने असेल तर आयोजक चांगल्या लेन मागच्या फेरीत वरचढ ठरलेल्यांना देऊ शकतात.

आमचं मत असं : पुढे जाण्याची जागा पक्की झाली आणि मागचा संघ एका बोटलांबीपेक्षा दूर असेल तर शेवटच्या २५० मीटरमध्ये गती उतरवा, दाब नव्हे. रेषेवर मान वळवून बघण्याचा मोह आवरा. क्रम नाकावरच्या चेंडूवर ठरतो. रिओ २०१६ च्या पुरुष सिंगल अंतिम फेरीत माहे ड्रायस्डेल आणि दामिर मार्टिन, दोघांचीही वेळ ६:४१.३४ अशीच लागली. सुवर्ण फोटो पाहून ठरलं.

प्रश्न : शेजारच्या संघाने आमच्या लेनमध्ये येऊन अडवलं. तक्रार कशी करायची?

रेषा ओलांडताच, पाण्यावर असतानाच, हात वर करा आणि अंपायरशी बोला. किनाऱ्यावर येऊन सांगितलेलं कुणी ऐकत नाही. अंपायरने फेटाळलं तर तासाभराच्या आत लेखी निषेध, ठेवीच्या रकमेसह, ज्युरीच्या अध्यक्षांकडे. लिहिताना ‘अन्याय झाला’ असं नको. कितव्या मीटरला, कुठल्या लेनचा संघ, वल्ही भिडली की नाही, आणि अंपायरने पांढरा झेंडा दाखवला होता का, एवढंच लिहा. दुसऱ्याच्या लेनमध्ये नुसतं जाणं हा गुन्हा नाही, कुणाला अडथळा झाला तरच तो होतो. त्या संघाच्या लाटाही तुमच्यापर्यंत पोचल्या नसतील तर ठेवीची रक्कम खिशातच असू द्या.