अमेरिकन क्लायंट ‘यू ट्विस्टेड माय आर्म’ म्हणाला, म्हणजे तो नाराज झाला का?

नाही हो, खूश झाला! तुम्ही लिहिलंय की हिंजवडीच्या ऑफिसात आलेल्या पाहुण्याला तुम्ही ‘एक दिवस जास्त थांबा, सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला जाऊ’ असा आग्रह केलात आणि तो हसत ‘ऑल राइट, यू ट्विस्टेड माय आर्म’ म्हणाला. शब्दशः, ‘तुम्ही माझा हात पिरगळलात’. त्याला यायचंच होतं. पण लगेच हो म्हणणं बरं दिसेना, म्हणून त्यानं ते तुमच्या आग्रहावर ढकललं. पंगतीत जिलबी समोर आली की पानावर हात आडवा धरून बोटांत फट ठेवणारी माणसं आपल्याकडे कमी आहेत का? गंमत म्हणजे कित्येकदा आग्रह झालेलाही नसतो. ‘बिअर घेणार?’ एवढंच विचारलं तरी ‘वेल, इफ यू ट्विस्ट माय आर्म...’ असं उत्तर येतं आणि ग्लास पुढे होतो.

तुमचा गोंधळ झाला तो, माझ्या मते, इंग्रजी पेपरांमुळे. आपण बहुतेकांनी हा प्रयोग तिथेच पहिल्यांदा वाचला आणि तिथे ‘आर्म-ट्विस्टिंग’ म्हणजे सरळसरळ दबावतंत्र. मोठा पक्ष मित्रपक्षाचं नाक दाबतो, तोंड उघडतं, दुसऱ्या दिवशी मथळा तयार. हाही अर्थ खराच आहे. अमेरिकी राजकारणात याबाबतीत लिंडन जॉन्सन यांचं नाव हमखास निघतं. सव्वासहा फुटांचा हा माणूस समोरच्याच्या अगदी अंगावर झुकून, खांद्यावर हात टाकून, कधी गोंजारत तर कधी दमात घेत सिनेटमधल्या सहकाऱ्यांची मतं मिळवायचा. त्याला ‘जॉन्सन ट्रीटमेंट’ असं नावच पडलं. 1957 सालच्या एका प्रसिद्ध छायाचित्रात ते नव्वदीला टेकलेल्या सिनेटर ग्रीन यांच्यावर असे काही वाकलेत की ग्रीन बिचारे मागे टेबलावर रेललेत. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर 1964 चा नागरी हक्क कायदा मंजूर करून घेतानाही जॉन्सन यांची ही हातोटी कामी आली.

या दोन टोकांच्या मधला वापर रोजच्या बोलण्यात जास्त सापडतो. कोथरूडमधल्या कुठल्याही सोसायटीची वार्षिक सभा डोळ्यांसमोर आणा. सेक्रेटरी व्हायला कोणी तयार नाही, सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेत. शेवटी बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना चौघं मिळून गळ घालतात, ‘काका, तुमच्याइतका हिशोब कोणाला जमणार?’ आणि काकांना भरीस पाडतात. यालाही ‘दे ट्विस्टेड हिज आर्म’ म्हणतात. धमकी नाही, पण काकांची इच्छाही नव्हती.

मग ओळखायचं कसं? हात कोणाचा आहे ते बघा. माणूस हसत स्वतःच्या हाताबद्दल बोलत असेल तर बहुधा लटकी तक्रार. तिसऱ्याच्या हाताबद्दल बोलत असेल तर काहीतरी दबाव होता असं समजा. आणि ‘नोबडी ट्विस्टेड युअर आर्म’ असं तुम्हालाच कोणी ऐकवलं तर तो टोमणा आहे. हिंजवडीत हौसेनं फ्लॅट घेऊन मग रोज ट्रॅफिकच्या नावानं बोटं मोडणाऱ्याला ऐकवावा असा. कोणी जबरदस्ती केली नव्हती ना, मग भोगा.

व्याकरण फार नाही. पुढे ‘टू’ आणि क्रियापद येतं, ‘शी ट्विस्टेड माय आर्म टू जॉइन’. ‘आर्म’च्या जागी ‘हँड’ घालू नका. ‘फोर्स माय हँड’ हा वेगळा प्रयोग आहे. परिस्थितीनं किंवा कोणीतरी नाइलाजानं पाऊल उचलायला लावलं, असा त्याचा अर्थ. त्यात थट्टेला जागा नसते.

एकच सांभाळा, ई-मेलमध्ये हा शब्दप्रयोग जपून वापरा. बोलताना जे हसू ऐकू येतं ते लिहिलेल्यात दिसत नाही. ‘व्हेंडरचा आर्म ट्विस्ट करून तारीख अलीकडे आणली’ असं क्लायंटला लिहिलंत, तर त्याला ती तुमची हुशारी वाटेल की दांडगाई, याचा भरवसा नाही. तिथे साधं ‘पर्सुएडेड’ लिहा.