टॉमाहॉक सुटल्यावर मध्येच खाली का झुकतं?

प्रश्न असा होता: टॉमाहॉक हे अमेरिकन क्रूझ क्षेपणास्त्र (विमानासारखं पंखांवर उडत लक्ष्याकडे जाणारं) युद्धनौकेतून सरळ वर जातं, आडवं होतं, धूर थांबतो आणि क्षणभर ते खाली घसरल्यासारखं दिसतं. हा बिघाड आहे का?

नाही. त्या क्षणी रॉकेटचं विमान होत असतं, आणि सगळ्या उड्डाणात नाजूक काळ तोच.

सुरुवातीपासून बघू. नौकेवरच्या एमके-41 या उभ्या लाँचरमध्ये बूस्टर, म्हणजे क्षेपणास्त्राला सुरुवातीचा जोर देणारं मागचं रॉकेट, डब्यातच पेटतो. आठ कप्प्यांच्या मॉड्यूलखाली एकच पोकळी असते आणि तिथला जाळ मधल्या धुराड्यातून वर येतो. म्हणून क्षेपणास्त्र एका झाकणातून निघतं आणि ज्वाळा शेजारून उसळते. ते बघून स्फोट झाला असं समजू नका.

डब्याबाहेर पडताना वेग अगदी कमी असतो. हवेतल्या पंखावरचं बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेग निम्मा असेल तर बल चौथाईच. त्यामुळे शेपटीचे पंख उघडले तरी सुरुवातीला त्यांचा फारसा उपयोग नाही. दिशा देतात बूस्टरच्या नोझलपाशी असलेल्या पट्ट्या. त्या झोतात आत-बाहेर सरकून झोत वाकवतात, नाक लक्ष्याच्या बाजूला कलतं. जहाजाचं तोंड कुठेही असलं तरी चालतं ते यामुळेच.

बूस्टर साधारण 12 सेकंद जळतो आणि सुटून समुद्रात पडतो. आता गणित बघा. बूस्टरशिवाय टॉमाहॉकचं वजन सुमारे 1300 किलो आणि त्याच्या छोट्या टर्बोफॅन जेट इंजिनाचा रेटा जेमतेम 300 किलोच्या आसपास, म्हणजे वजनाच्या पाव हिस्सा. एवढ्या रेट्यावर ते उभं चढूच शकत नाही. ते पंखांवरच तरंगायला हवं, आणि त्यासाठी आधी आडवं होऊन पुरेसा वेग मिळालेला असला पाहिजे. हे सगळं बूस्टरने करून द्यायचं असतं.

बूस्टर संपला की धडातल्या खाचांमधून पंख कात्रीसारखे बाहेर येतात (पूर्ण उघडल्यावर 2.67 मीटर), पोटाखालून हवा घेणारं तोंड बाहेर निघतं, काडतुसाच्या वायूने इंजिन फिरायला लागतं. इंजिनाचा रेटा भरेपर्यंत क्षेपणास्त्र मिळालेल्या वेगावरच पुढे जातं. तुम्हाला दिसला तो झोल हाच.

यातलं काहीही अडलं तर काम संपलं. इंजिन पेटलं नाही तर ते घसरत समुद्रात जातं. एकच पंख उघडला तर गिरक्या घेतं. 1991 च्या आखाती युद्धात 288 टॉमाहॉक सुटली, त्यातली 6 या पहिल्या टप्प्यातच गेली, क्रूझपर्यंत, म्हणजे पंखांवरच्या आडव्या उड्डाणापर्यंत, पोचलीच नाहीत.

भारत-रशियाच्या ब्राह्मोस क्षेपणास्त्राचा क्रम वेगळा आहे आणि माझ्या मते जास्त देखणा. ते आधी वायूच्या दाबाने डब्याबाहेर फेकलं जातं. मग नाकावरच्या टोपीतले छोटे थ्रस्टर (दिशा वळवणारी छोटी रॉकेटं) आडवे फुंकतात, क्षेपणास्त्र हवेतच वळतं, उलट बाजूचे थ्रस्टर ते वळण थांबवतात आणि त्यानंतर बूस्टर पेटतो. म्हणजे ताकद लावायच्या आधीच दिशा ठरलेली असते. व्हिडिओत नाकावरून काहीतरी तुटून पडताना दिसतं ती हीच टोपी. ती पडली की ब्राह्मोसच्या रॅमजेट इंजिनाचं तोंड उघडतं. रॅमजेट थांबलेल्या स्थितीत चालू होत नाही, त्याला जोरात घुसणारी हवा लागते. म्हणून बूस्टर त्याच्याच ज्वलनकक्षात बसवलेला असतो आणि जळून झाला की मागून बाहेर फेकला जातो. इथे पंख उलगडायची वाट बघायची नसते, म्हणून टॉमाहॉकसारखा झोल दिसत नाही.

नौकेवरून ब्राह्मोसचं असं उभं प्रक्षेपण 18 डिसेंबर 2008 रोजी आयएनएस रणवीरवरून झालं. त्याआधी आयएनएस राजपूतवर तिरपे लाँचर होते. तिथे एवढं वळायची गरजच नव्हती. आज माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कोलकाता आणि मोरमुगाव या विनाशिकांवर 16-16 उभे कप्पे आहेत. त्यांच्या चाचणीचा व्हिडिओ मिळाला तर अगदी हळू करून बघा: आधी नाकापाशी दोन बाजूंना दोन छोटे फवारे, आणि नंतर शेपटीकडून मोठा जाळ.