वाढीचा ‘इशारा’ की ‘संकेत’?

प्रश्न : एका आरोग्यविषयक लेखात वाचलं, ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जिवाणू जठराच्या पेशींना वाढीचा इशारा देतात.’ इथे ‘इशारा’ बरोबर आहे का? की ‘संदेश’ म्हणावं?

‘इशारा’ नकोच. हिंदीतून उचललेला हा वापर हल्ली फार कानावर येतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ खूण, हिंदीनं तो जपला, जुन्या मराठीतही तो होता. पण आज हवामान खातं इशारा देतं, संपावर निघालेले कामगार इशारा देतात. ‘पेशींना वाढीचा इशारा’ म्हणजे आपल्या कानाला ‘वाढलात तर याद राखा’! अर्थ पार उलटा झाला.

‘संदेश’ चालतो, पण ढिला आहे. इंग्रजी ‘सिग्नलिंग’साठी काही जाणकार ‘संदेशन’ हाच शब्द रूढ करू पाहतात, ते मला मुळीच पटत नाही. संदेशात मजकूर असतो. वृद्धिघटक, म्हणजे पेशीला वाढायला लावणारं प्रथिन, पेशीच्या ग्राहीला, म्हणजे तिच्या पृष्ठभागावरच्या त्याला धरणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो तेव्हा मजकूर कुठे असतो? ग्राहीच्या आतल्या टोकाला टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढतं, एसएचपी-२सारखी प्रथिनं तिथे जमतात, पुढे रास, मग ईआरके ही प्रथिनं एकामागून एक जागी होतात, आणि पेशी विभाजनाला लागते. फॉस्फेट चढलं म्हणजे वाढायचं, हे आधी ठरलेलं असतं. आधी ठरलेली खूण म्हणजेच संकेत. प्रेमिकांनी भेटीची जागा ठरवली की ते संकेतस्थळ, आणि शब्दाचा अर्थ कशामुळे ठरतो याला नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचं, उत्तर संकेत हेच.

आता खरी मौज. ‘संकेत’ आणि ‘चिकित्सा’ ही सख्खी भावंडं आहेत! पाणिनीच्या एकाच सूत्रातून गुप्, तिज् आणि कित् या धातूंना सन् प्रत्यय लागून जुगुप्सा, तितिक्षा आणि चिकित्सा हे शब्द मिळतात. धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची पारंपरिक यादी, कित् चा अर्थ ‘राहणे’ आणि ‘रोग दूर करणे’ असा देतो आणि परंपरेचे अभिमानी तिथेच थांबतात. चित् म्हणजे जाणणे, तो म्हणे वेगळा धातू. मग ऋग्वेदात अग्नीला ‘चिकित्वान्’, म्हणजे जाणता, म्हटलंय ते कशाच्या जोरावर? तिथे चित् मधल्या च चाच क झालेला उघड दिसतो. केतु म्हणजे खूण, तोही त्याच घरातला, आणि ‘संकेत’मधला ‘केत’ही. चिकित्सा आधी बारकाईनं जाणून घेणं होती, औषधोपचार मागाहून आला, असं माझं ठाम मत आहे. मराठीनं तर तो जुना अर्थ अजून जिवंत ठेवलाय. ‘चिकित्सक वृत्ती’चा माणूस गोळ्या देत नाही, तो खोदून विचारतो.

तुमच्या वाक्यात आणखी एक खोट आहे, ‘देतात’ या क्रियापदाची. या जिवाणूच्या अनेक वाणांकडे सुईसारखी यंत्रणा असते. तिच्यातून ते कॅग-ए नावाचं प्रथिन थेट पेशीत टोचतात. त्यावर फॉस्फेट चढवतात ती पेशीचीच विकरं (एन्झाइम). मग एसएचपी-२ त्या परक्या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि बाहेरून कुठलाही वृद्धिघटक आलेला नसताना वाढीची साखळी सुरू होते. मासानोरी हाताकेयामा यांच्या जपानी गटानं 2002 मध्ये हे दाखवून दिलं. पूर्व आशियातल्या वाणांचं कॅग-ए एसएचपी-२ला पाश्चात्त्य वाणांपेक्षा अधिक घट्ट धरतं, हेही पुढे आलं. म्हणजे संकेत पेशीचा, जिवाणू फक्त त्याची नक्कल करतो. ‘देतात’ लिहिलं की ही लबाडी वाक्यातून निसटते.

तेव्हा असं लिहा : ‘हे जिवाणू जठराच्या अस्तरातील पेशींमध्ये वाढीचे खोटे संकेत निर्माण करतात.’ आणि पुढच्याच ओळीत ‘त्यामुळे कर्करोग होतो’ असं सरसकट लिहू नका. 1994 पासून हा जिवाणू जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे खात्रीच्या, गटात आहे हे खरं, पण लागण झालेल्या बहुतेकांना जठराचा कर्करोग होत नाही. ‘होऊ शकतो’ लिहा.