‘अग्रेसिव्ह’ म्हणजे ‘अग्रेसर’ का?

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. त्याच्या प्रगतिपुस्तकात वर्गशिक्षिकांनी ‘अग्रेसिव्ह’ असा शेरा दिला आहे. सासरे म्हणतात, हा शब्द आपल्या ‘अग्रेसर’वरूनच इंग्रजीत गेला, म्हणजे मुलात पुढारीपण आहे. खरं काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि हीच शंका वर्गात कितीदा तरी ऐकली. शब्द कानाला सारखे लागतात, पण त्यांचं नातं नाही.

‘अग्रेसर’ म्हणजे अग्रे सरणारा, पुढे जाणारा. इंग्रजी शब्दात ‘अग्र’ नाहीच. तिथे लॅटिनमधला ‘अॅड’ हा उपसर्ग आहे, म्हणजे ‘-कडे’, आणि पुढे ‘पाऊल टाकणे’ या अर्थाचं क्रियापद. दोन्ही जोडताना ‘ड’चा ‘ग’ झाला, जसं ‘सत्’ आणि ‘जन’ मिळून ‘सज्जन’ होतं. मूळ अर्थ एवढाच : कुणाच्या तरी दिशेने पाऊल टाकणं. लॅटिनमध्ये जवळ जाऊन बोलणं, काम हाती घेणं, हल्ला करणं, सगळ्यालाच ते क्रियापद चालायचं. सतराव्या शतकात ‘अॅग्रेशन’ फ्रेंचमधून इंग्रजीत आलं, ते मात्र हल्ल्याचा अर्थ घेऊन.

मला यातली सर्वांत आवडती गोष्ट सांगतो. आपल्याकडेही पावलानेच हे काम केलं आहे! ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणं, त्यावरून ‘आक्रमण’. आणि साध्या मराठीत सैन्य शत्रूवर ‘चालून जातं’, चिडलेला माणूस ‘अंगावर येतो’. माझ्या मते ‘अग्रेसिव्ह’ला याहून नेमका मराठी शब्द नाही : अंगावर येणारा.

सासऱ्यांचा अर्थ अगदीच हवेतला नाही. विसाव्या शतकात हा शब्द धडाडीसाठीही वापरात आला. विक्रेत्याला किंवा फलंदाजाला ‘अग्रेसिव्ह’ म्हटलं, की ती शाबासकी असते. पण चौथीतल्या मुलाबद्दल बाई लिहितात, तेव्हा बहुधा तो अर्थ नसतो.

म्हणून शब्दकोश मिटा आणि बाईंना भेटा. मधल्या सुट्टीत त्याने कुणाला ढकललं, डबा हिसकावला, की वर्गात नुसताच मोठ्याने बोलला? या तिन्ही गोष्टी निरनिराळ्या आहेत. आणि त्याआधी कुणी त्याच्या अंगावर आलं होतं का, हेही जरूर विचारा.