पुणे पदवीधर मतदारसंघाचा आजवरचा मतदानाचा इतिहास पाहता तो भाजपचा बालेकिल्ला म्हणता येईल का? पुढच्या निवडणुकीत काय होईल?

'बालेकिल्ला' हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. नाहीतर इथं राजकारणावर लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं.

ही विधान परिषदेची जागा. मत फक्त नोंदणी केलेल्या पदवीधरांना, आणि मत म्हणजे उमेदवारांच्या नावापुढं १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा. आधी आजवर जिंकलेल्यांची नावं देऊन टाकतो. १९९० ते २००२ अशा सलग दोन टर्म प्रकाश जावडेकर. २००२ ला जनता दलाचे प्रा. शरद पाटील, म्हणजे आमच्या सांगली जिल्ह्याचा माणूस. २००८ आणि २०१४ ला चंद्रकांत पाटील. ते ऑक्टोबर २०१९ मध्ये कोथरूडमधून विधानसभेवर गेले, जागा मोकळी झाली, त्यात कोरोना आला आणि निवडणूक लांबत लांबत १ डिसेंबर २०२० ला झाली. त्यात राष्ट्रवादीचे अरुण लाड जिंकले. त्यांना १,२२,१४५ मतं, भाजपच्या संग्रामसिंह देशमुखांना ७३,३२१. फरक ४८,८२४ चा. विजयाचा कोटा (वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त) साधारण एक लाख चौदा हजारांचा होता, म्हणजे पहिल्या पसंतीतच निकाल लागला. दुसरी पसंती मोजायची वेळच आली नाही.

नुसती नावं बघितली तर तीस वर्षांतली जवळजवळ चोवीस भाजपकडे. म्हणून लोक बालेकिल्ला म्हणतात. मी म्हणत नाही. का, ते सांगायला २०१४ मध्ये जावं लागेल, आणि तिथं माझे दाजी आहेत.

मी पलूस तालुक्यातला. दाजी भिलवडीचे, निवृत्त शिक्षक, राष्ट्रवादी पक्षाचे कट्टर. २०१४ ला राष्ट्रवादीनं तिकीट दिलं सारंग पाटलांना, श्रीनिवास पाटलांच्या मुलाला. कुंडलच्या अरुण लाडांनी बंडखोरी केली. स्वातंत्र्यसैनिक जी. डी. बापू लाडांचा मुलगा, आमच्या भागातला कारखाना, आमच्या भागातली माणसं. आम्ही पोरं सगळी लाडांच्या बाजूला. दाजी पक्षाच्या बाजूला.

आमचं काम मतदानाच्या आधी सहा-सात महिने सुरू झालं होतं, कारण या निवडणुकीत खरं काम तेव्हाच असतं. मतदार यादीत नाव घालायचा अर्ज, म्हणजे नमुना १८ भरायचा, पदवीच्या प्रमाणपत्राची नाहीतर गुणपत्रिकेची झेरॉक्स, ती साक्षांकित, रहिवासाचा पुरावा. एकगठ्ठा अर्ज घेत नाहीत. घरातल्या एकानं घरच्यांचे दिले तर चालतात, पण गावातल्या पोरानं गावाचे नेऊन टाकले तर नाही. म्हणून मी एकेकाला गाडीवर मागं बसवून तहसीलला नेत होतो. दिवाळीचे दिवस, रस्त्यावर ऊसाच्या बैलगाड्या, मागं बसलेला माणूस फाईल छातीशी धरून. असे एकेचाळीस जण मी नेले. दोघांची प्रमाणपत्रं लग्नातल्या सुटकेसमध्ये सासरी होती, ती आणायला शिराळ्यापर्यंत जाऊन आलो. एका तहसीलमधल्या बाबूनं (तालुक्याचं नाव घेत नाही) एका पोराचा अर्ज तीनदा परत केला, कारण प्रमाणपत्रावर आडनाव आधी होतं आणि रेशनकार्डावर नंतर. चौथ्यांदा मी स्वतः आत गेलो आणि टेबलासमोरच्या खुर्चीत बसून राहिलो. घेतला मग.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात या एकेचाळीस जणांना मी एकच सांगितलं. लाडांच्या नावापुढं १ लिहा, बाकी कोरं. दोन-तीनच्या भानगडीत पडायचं नाही. मला वाटत होतं, दुसऱ्याला २ दिला की आपल्या माणसाचं मत पातळ होतं. तसं होत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुमची दुसरी पसंती तुमचा पहिला माणूस शर्यतीतून बाहेर पडल्यावरच उघडते, त्याच्या आधी तिच्याकडे कुणी बघतही नाही. पण सगळेच उमेदवार 'फक्त १' सांगत फिरत होते, आणि आजही फिरतात.

निकाल लागला. चंद्रकांत पाटील जिंकले, सारंग पाटील अडीच हजारांच्या आतल्या फरकानं पडले. लाडांना तीस हजारांहून जास्त मतं. आता हिशेब कुणालाही जमेल. पहिल्या दोघांत इतकं कमी अंतर आणि तिसऱ्याकडे इतकी मतं, म्हणजे पहिल्या पसंतीत कोट्यापर्यंत कुणीच पोचलं नव्हतं. ज्या मतपत्रिकेवर १ आहे आणि पुढं काही नाही, ती लाड बाहेर पडल्यावर तिथंच थांबली.

त्या रविवारी आक्काकडे जेवायला गेलो. दाजींनी पाटावर बसायच्या आधीच विचारलं, "दोन कुणाला दिलास?"

"कुणालाच नाही."

"आरं, नुसता एकच लिहून आलास? आन् त्या एकेचाळीस जणांनी?"

"त्यांनी पण."

"म्हंजे ब्याचाळीस मतं कचऱ्यात. डिगऱ्या कशाला घेतल्या रं तुमी?"

तिथून सुरू झालं ते सहा वर्षं चाललं. बारशात, उत्तरकार्यात, माझ्या घरभरणीत. नव्या माणसाशी ओळख करून देतानाही, "हे आमचे मेव्हणे, यांनी चंद्रकांतदादांना निवडून आणलं." लोक हसायचे. आक्का स्वयंपाकघरातून 'गार होतंय' म्हणून ओरडायची आणि विषय तेवढ्यापुरता थांबायचा.

दाजींचं म्हणणं एवढंच, की लाडांची मतं मूळची पक्षाची, म्हणून त्यांची दुसरी पसंती सारंग पाटलांना जायलाच हवी होती. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. जो माणूस पक्षाच्या उमेदवाराला सोडून बंडखोराकडे जातो, तो पक्षावर रागावलेला असतो. तो २ त्याच पक्षाला का देईल? त्यातले कित्येक पक्षाचे नव्हतेच, कुंडलचे होते, कारखान्याचे होते, कुणाच्या तरी मामाचे होते. दुसरी पसंती ही कुणाची इस्टेट नाही. पक्षाला ती मतं हवी होती तर तिकीट त्याच माणसाला द्यायचं. २०२० ला दिलं. निकाल वर लिहिलाय, मोजून घ्या.

आता खरा मुद्दा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. भिलवडीत काय झालं होतं ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. दाजींच्या घरात माळ्याच्या खाली सगळं पाणी. कपाटातल्या फाईली लगदा झाल्या, त्यात त्यांची पदवी. पुढं नव्यानं नोंदणी सुरू झाली तेव्हा मी फोन केला. म्हटलं, फॉर्म भरायचाय. म्हणाले, "माझं नाव हाय की यादीत. २०१४ ला मत दिलंय मी."

मी सांगितलं, ही यादी विधानसभेसारखी पुढं चालत नाही. दर निवडणुकीला कोरी होते, सगळ्यांनी पहिल्यापासून अर्ज करायचा. ते म्हणाले, असं कुठं असतंय. पदवी भिजली असेल तर गुणपत्रिका चालते, तीही नसेल तर विद्यापीठातून दुय्यम प्रत निघते, हेही सांगितलं. "बघू" म्हणाले. पुढं पुरवणी नोंदणीची मुदतही होती. तेव्हाही "बघू."

१ डिसेंबर २०२० ला सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि मास्क लावून ते शाळेच्या केंद्रावर आले. त्यांच्या मनासारखी निवडणूक होती ती. लाड पक्षाचे अधिकृत उमेदवार, समोर भाजपचे देशमुख कडेगावचे, म्हणजे दोघंही एकाच पलूस-कडेगाव विधानसभा मतदारसंघातले. पुण्याची जागा म्हणतात, पण लढत आमच्या दोन तालुक्यांत. पुण्याची माणसं त्या दिवशी प्रेक्षक होती, हे लिहिताना मला अजून बरं वाटतं. रिंगणात ६२ उमेदवार, मतपत्रिका घडी करून पेटीत कोंबावी लागत होती.

यादीत दाजींचं नाव नव्हतं. दोनदा बघितलं, आडनावानं आणि मग नावानं. "२०१४ ला याच खोलीत दिलंय मत," ते सांगत होते. टेबलामागची बाई बिचारी शांतपणे म्हणाली, ती यादी आता नाही. मी मागं रांगेत उभा. सहा वर्षं माझ्या ब्याचाळीस मतांचा हिशेब मांडणारा माणूस स्वतःचं एक मत न देता फटफटीवर बसून घरी गेला. मी तेव्हा काहीही बोललो नाही. घरी जाऊन बोललो, भरपूर बोललो.

तर माझं उत्तर हे, की या मतदारसंघाचा इतिहास मतांचा नाही, यादीचा आहे. विधानसभेत २०१४ आणि २०१९ चे मतदार बहुतेक तेच असतात, म्हणून 'इथला मतदार असा' असं म्हणता येतं. इथं दर सहा वर्षांनी मतदारच नवा. ज्यानं घरोघर जाऊन फॉर्म भरून घेतले, त्यानं आपला मतदारसंघ स्वतःच तयार केला. पूर्वी हे काम चिकाटीनं करणारी माणसं संघ आणि विद्यार्थी परिषदेच्या वर्तुळात होती, म्हणून जागा भाजपची. पुढं तेच काम कारखाने, शिक्षणसंस्था, पतसंस्थावाल्यांनी हातात घेतलं. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत अशा संस्था किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. २०२० ला यादीत सव्वाचार लाखांच्या आसपास नावं होती. पदवीधर त्याच्या कित्येक पट असतील. जे यादीत नव्हते त्यांच्यावर इतिहास कोण लिहिणार?

नागपूरचंच बघा. नितीन गडकरी १९८९ पासून २०१४ पर्यंत तिथले पदवीधर आमदार, त्याच्या आधी गंगाधरराव फडणवीस. बालेकिल्ला म्हणायचा तर तोच. त्याच १ डिसेंबरला तो काँग्रेसच्या अभिजित वंजारींनी घेतला. याउलट औरंगाबादला राष्ट्रवादीचे सतीश चव्हाण २००८, २०१४ आणि २०२० असे तीनदा. तिथं बुरूज उलट्या बाजूचे, एवढंच.

थोडं सावरून घेतो, नाहीतर प्रतिक्रियांत कुणीतरी धरेल. मी २०१४ ला आणि २०२० ला एकाच माणसासाठी काम केलंय, तेव्हा वरचं सगळं त्या चष्म्यातून आहे. दुसरं, २०२० ला राष्ट्रवादी, काँग्रेस आणि शिवसेना एकत्र होते. २०१४ ची पदवीधर निवडणूक लोकसभेच्या निकालानंतर साधारण महिनाभरानं झाली, हवा कुणाची होती ते आठवा. अठ्ठेचाळीस हजारांचा फरक नुसत्या फॉर्मांनी पडला असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. तिसरं, 'तिकीट दिलं असतं तर २०१४ लाच जिंकलो असतो' हे मी दाजींना शंभरदा ऐकवलंय, पण वर मीच सांगितलं की दोन याद्या वेगळ्या, तेव्हा दोन निकालांची तुलना मला करता येत नाही. दाजींना हे अजून सुचलेलं नाही. ते हे वाचत नाहीत.

आणि 'फक्त १' सांगणं ही माझी चूक होती. एकेचाळीस जणांना त्यांचा २ कुणाला द्यायचा ते त्यांचं त्यांनी ठरवायचं होतं, मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. हे मी दाजींसमोर कधीच कबूल करणार नाही.

पुढच्या वेळी काय होईल विचारलंत. लाडांची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंत. राष्ट्रवादी आणि शिवसेना दोन्ही मधल्या काळात फुटल्यात, जुनी बेरीज कुणाच्याच कामाची नाही. अंदाज बांधायचाच असेल तर वाहिन्यांवरच्या चर्चा ऐकू नका, जिल्हावार यादी काढून बघा. नावं कोथरूड-हडपसरला वाढलीत की वाळवा-कराड-हातकणंगल्याला, त्यावरून मला जितकं कळेल तितकं कुठल्या पाहणीवरून कळणार नाही. तुम्ही स्वतः या पाच जिल्ह्यांत राहत असाल तर पदवी भारतातल्या कुठल्याही विद्यापीठाची चालते, फक्त ती ठरलेल्या १ नोव्हेंबरच्या तीन वर्षं आधी मिळालेली हवी. आणि केंद्रात जो जांभळा स्केचपेन देतात त्यानंच आकडा लिहा. खिशातलं पेन काढू नका, बरोबरची खूण करू नका, सही तर नकोच. पदवीधरांची हजारो मतं दर वेळी अशीच बाद होतात, आणि आम्ही गावात 'अडाणी मतदार' म्हणून दुसऱ्यांना नावं ठेवतो.

नव्या नोंदणीच्या वेळी दाजींकडे मी स्वतः गेलो. विद्यापीठाची दुय्यम प्रत आली होती, लॅमिनेशन करून ठेवलेली, आता माळ्यावर. फॉर्म भरला, सही घेतली. उठताना आक्का म्हणाली, "आजून एक फारम हाय का?"

मी म्हटलं, कुणासाठी?

आक्का बी.ए. आहे. सांगलीला एसटीनं जाऊन-येऊन केलेलं, लग्नाच्या आधी. मी तेव्हा शाळेत होतो, तिच्या डब्यातली उरलेली भाकरी मीच खायचो. दोन निवडणुकांत मी गावोगाव फिरून एकेचाळीस आणि पुढं साठ-पासष्ट माणसं गोळा केली, सुटकेस उघडायला शिराळ्याला गेलो, आणि तिला कधी विचारलं नाही. दाजींनीही नाही.

तिची गुणपत्रिका पुरात भिजली नव्हती. ती तिनं गव्हाच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली होती, आणि डबा माळ्यावर होता. दाजींनी लगेच तिला पसंतीक्रम समजावायला सुरुवात केली, १ कुणाला आणि २ कुणाला. तिनं फॉर्म माझ्या हातातून घेतला, चष्मा शोधला आणि म्हणाली, "तुमी दोघं जरा भायर बसा."